पाळी गेली आणि अंगातला जोरच गेला!

प्रश्न : डॉक्टर, मी ४८ वर्षांची. पाळी जाऊन दीड वर्ष झालं. दुपारी तीन वाजले की अशी गळून जाते की भांडी तशीच ठेवून आडवी होते, जिना चढताना पाय भरून येतात. सासूबाई म्हणतात आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही. मुलीने मोबाईलवर ‘पेशींची एनर्जी वाढवणाऱ्या’ गोळ्या दाखवल्यात, महिन्याला साडेतीन हजार. घेऊ का? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, गोळ्या राहू द्या, तशा गोळ्यांनी तुमच्यासारखा थकवा जातो याचा पक्का पुरावा नाहीये. आणि सासूबाईंनाही होत असणार, बोलायची सोय नव्हती एवढंच.

आपल्या पेशींमध्ये मायटोकाँड्रिया असतात, त्या चुली समजा, खाल्लेल्या अन्नाची ऊर्जा तिथे होते. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन या चुली नीट पेटत्या ठेवायला मदत करतं आणि धूरही (पेशींना त्रास देणारा कचरा) कमी ठेवतं, आता ते एकदम कमी झालं की आच मंदावते, त्यात रात्री घामाने भिजून झोपमोड, मग दुपारी तीनला काय होणार!

पण सगळं पाळीवर ढकलू नका हं. पाळी जायच्या आधी काही वर्षं खूप रक्त अंगावर जात होतं का? मग लोह कमी असू शकतं. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉईड, व्हिटॅमिन बी१२ आणि डी, शुगर एवढं तपासून घ्या, साडेतीन हजार त्यात घाला.

चुली सगळ्यात जास्त लागतात स्नायूंना आणि व्यायामाने त्या नव्याने वाढतात, साठीनंतरसुद्धा. नुसतं चालणं पुरत नाही, वजन उचला. हात न टेकता खुर्चीतून दहादा उठा-बसा, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचला, आठवड्यातून दोन-तीनदा. आणि प्रोटीन! पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम पाच-सहा ग्रॅम असतं, तुमचं वजन ५५ किलो धरलं तरी दिवसाला ४५-५० ग्रॅम हवं, म्हणजे उसळ, दही, अंडी, पनीर रोजचंच, बायका स्वतःच्या ताटात शेवटचं उरलेलं वाढून घेतात तिथेच घोळ होतो.

अंगातून एकदम गरम वाफा येऊन फारच त्रास होत असेल तर हार्मोन थेरपीबद्दल, म्हणजे कमी झालेलं हार्मोन औषधातून घेण्याबद्दल, गायनॅकला विचारा. या थेरपीचे धोके दाखवणाऱ्या २००२ च्या अमेरिकन अभ्यासाने सगळे घाबरले, पण त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केली तर फायद्या-तोट्याचा हिशोब बराच वेगळा असतो. ब्रेस्ट कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील तर मात्र आधीच सांगा.

आणि आता परत थेंबभर जरी रक्त दिसलं तरी ‘पाळी परत आली’ म्हणून गप्प बसू नका, त्याच आठवड्यात दाखवा.