मुलाखतीतले झटके: डिझॉल्व्ह आणि पंखा

तुम्ही लिहिलंय की आजोबांची दोन तासांची मुलाखत चाळीस मिनिटांवर आणलीत, एक कॅमेरा त्यांच्यावर आणि एक तुमच्यावर होता, आणि प्रत्येक कटवर एक सेकंदाचा क्रॉस डिझॉल्व्ह (एक चित्र विरत असतानाच दुसरं उमटणं) टाकूनही झटके जाणवतायत. ते सगळे डिझॉल्व्ह आधी उडवा. एकाच फ्रेममधल्या एकाच माणसावर डिझॉल्व्ह टाकला की दोन नाकं आणि चार डोळे दिसतात, म्हणजे लपवायला गेलेली जागाच उघडी पडते.

मग डोळे मिटून नुसतं ऐका. माझा अंदाज, बरेचसे झटके तेव्हाही जाणवतील. खोलीत पंखा चालू असणार; एका तुकड्यात त्याची घरघर जास्त, पुढच्यात कमी, आणि जोडावर ती पटकन बदलते. प्रत्येक ऑडिओ कटवर दोन ते चार फ्रेमचा क्रॉसफेड द्या, म्हणजे एक आवाज उतरत असतानाच दुसरा चढेल (सेकंदाला २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, बोलण्याला धक्का लागत नाही) आणि खाली वेगळ्या ट्रॅकवर त्याच खोलीतली शांतता, पंख्यासकट, सलग पसरून ठेवा.

वाक्याच्या शेवटी मात्र कात्री जपून. मराठीत क्रियापद शेवटी येतं, नकार बहुतेकदा त्याच्याही मागून, आणि वयस्क माणसं नेमकी तिथे आवाज खाली सोडतात. वेव्हफॉर्म, म्हणजे पडद्यावरचा आवाजाचा आलेख, सपाट दिसतो, आपल्याला वाटतं वाक्य संपलं. माझ्या मावशीच्या मुलाखतीत ‘तेव्हा आम्ही गाव सोडलं नाही’ यातलं ‘नाही’ मी असंच खाल्लं. व्हिडिओ घरच्या ग्रुपवर गेला आणि तासाभरात मावशीचा फोन: ‘अरे, गाव कधी सोडलं रे आम्ही?’ तेव्हापासून मी वेव्हफॉर्म बघून कापत नाही, पुढचा श्वास ऐकू आला की मगच कापतो.

आता चित्र. तुमचा प्रश्न संपतो आणि आजोबा बोलू लागतात, तिथे आवाज आणि चित्र एकाच फ्रेमवर कापलेत तर कॅरमची सोंगटी आपटल्यासारखं वाटतं. एडिटिंगचं सॉफ्टवेअर प्रीमियर असो वा रिझॉल्व्ह, ऑल्ट दाबून फक्त चित्राचा कट पकडा आणि दहा-बारा फ्रेम पुढे रोल करा, म्हणजे सरकवा. तुमच्या चेहऱ्यावरच आजोबांचा आवाज सुरू होईल, मग ते दिसतील. हा जे-कट. उलट बाजूने, त्यांचं वाक्य चालू असतानाच तुमचा ऐकणारा चेहरा आणलात तर एल-कट.

उत्तराच्या मधूनच काही काढलं असेल तर तो जोड याच ऐकणाऱ्या चेहऱ्याखाली दडवा: जोडाच्या आधी सेकंदभर तुमच्यावर या, नंतर सेकंदभराने परत जा. तुमचं तोंड मिटलेलं हवं, आणि आजोबा आजीच्या आजारपणाबद्दल सांगत असताना भलत्याच विनोदावरचं हसू तिथे चिकटवू नका. आजोबांचे हात, चष्मा, जुने फोटो असं काही शूट केलं असेल तर सोन्याहून पिवळं.

झाकायला काहीच नसेल तर झूम. शूटिंग फोर-के आणि टाइमलाइन १०८०ची (म्हणजे लांबी-रुंदीला निम्म्या पिक्सेलची) असेल तर २५-३० टक्के मोठं करूनही चित्र फाटत नाही. पाच टक्के केलंत तर चूक झाल्यासारखं दिसतं. जोडावरचा चेहरा आपोआप जुळवून देणारा रिझॉल्व्हमधला स्मूद कट किंवा प्रीमियरमधला मॉर्फ कट एखादा ‘म्हणजे’ काढण्यापुरताच, तोही मान स्थिर असेल तेव्हा. मधे हात हलला की चेहरा मेणासारखा वितळतो.

डिझॉल्व्ह ठेवायचाच तर विषय बदलतो तिथे, बारा-पंधरा फ्रेमचा. त्यासाठी दोन्ही तुकड्यांना कटच्या पलीकडे जादा फ्रेम शिल्लक हव्यात.

आणि पंख्याची शांतता वेगळी रेकॉर्ड केली नसेल तर नवं काही शूट करायची गरज नाही. तुम्ही प्रश्न विचारल्यावर आजोबा आठवत बसलेत अशी जागा कच्च्या फुटेजमध्ये शोधा. दोन तासांत सलग चार-पाच सेकंद कुठेतरी मिळतातच. तेवढीच जोडून-जोडून लांबवा, सांध्यांवर क्रॉसफेड देऊन.