वागळे इस्टेटमध्ये भंगारातून घेतलेल्या तांब्याच्या पट्टीला चुंबक चिकटत नाही, पण सरकवताना ओढ लागते. आत लोखंड आहे का?

नाही, ही ओढ लोखंडाची नाही, एडी करंटची आहे: चुंबक सरकला की तांब्यात गोल फिरणारे प्रवाह तयार होतात आणि ते त्याच्या गतीला विरोध करतात. थांबला की ओढ संपते. लोखंडाला तो थांबूनही चिकटला असता. पट्टी तांब्याची की पितळेची हे पाहायला ती तिरकी धरून तिच्यावर निओडिमियम चुंबक (छोटा पण खूप ताकदीचा) सोडा. तांब्यावर सावकाश उतरेल. पितळेवर भरभर, कारण पितळेची वाहकता तांब्याच्या साधारण पाव. तुलना मात्र सारख्याच जाडीवर करा, पातळ पत्रा हमखास फसवतो. निकेल अलोह (लोखंड नसलेला धातू) असूनही त्याला चुंबक चिकटतो. त्यामुळे पट्टीवर निकेलचा मुलामा असेल तर आधी कोपरा कानशीने घासून मगच चुंबक लावा.