महाराष्ट्राला राज्यसभेत १९ जागा कशा मिळाल्या, आजवर तिथून कोण गेलं, आणि २०२२ मध्ये एका मतामुळे महाविकास आघाडीची (शिवसेना, राष्ट्रवादी, काँग्रेस) जागा गेली हे खरं आहे का?

एका मतामुळे गेली नाही. बाद झालेलं ते मत धरलं असतं तरी निकाल तोच लागला असता. हा माझा अंदाज नाही, साधा भागाकार आहे, खाली मांडतो. इतकी वर्षं हे वाक्य चर्चेत, भाषणात, चहाच्या टपरीवर ऐकतोय. तुमच्या प्रश्नातही ते दिसलं म्हणून लिहायला बसलो. आधी १९ चं बघू, ते लवकर सुटतं.

राज्यसभेच्या राज्यवार जागा घटनेच्या चौथ्या अनुसूचीत आहेत. सूत्र असं: पहिल्या ५० लाख लोकसंख्येला दर १० लाखांमागे एक जागा, म्हणजे ५. त्यापुढे दर २० लाखांमागे एक, आणि शेवटी १० लाखांपेक्षा जास्त उरले तर आणखी एक. लहान राज्यांची बूज राहावी म्हणून सुरुवातीचा टप्पा झुकता ठेवलाय.

१९५२ मध्ये 'महाराष्ट्र' असा हिशेबच नव्हता. मुंबई राज्याला १७ जागा होत्या. विदर्भ मध्य प्रदेशात होता, त्या राज्याच्या १२. मराठवाडा हैदराबाद राज्यात, त्या राज्याच्या ११. मराठी मुलूख तीन खात्यांत वाटलेला. १ नोव्हेंबर १९५६ ला सगळा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि त्या राज्याला २७ जागा मिळाल्या. १९६० मध्ये राज्य फुटलं तेव्हा महाराष्ट्राला १९ आणि गुजरातला ११ मिळाल्या. बेरीज ३०. फाळणीत ३ जागा वाढल्या! कारण सूत्रातच आहे: पहिल्या ५० लाखांची सवलत आधी एकदा मिळत होती, ती आता दोघांना मिळाली.

महाराष्ट्राचा एकोणिसावा खासदार तर काठावर मिळालाय. १९५१ च्या जनगणनेत आजच्या सीमेतली लोकसंख्या ३ कोटी २० लाखांच्या जेमतेम वर. ५० लाख वजा केले की २ कोटी ७० लाख. त्यात २० लाखांचे १३ पूर्ण गट, म्हणजे २ कोटी ६० लाख, आणि उरले १० लाखांहून दोन-अडीच हजार जास्त. त्या दोन-अडीच हजारांनी चौदावी जागा दिली. ५ आणि १४, १९.

तेव्हापासून आकडा हललेला नाही. २०११ ची ११ कोटी २४ लाख लोकसंख्या त्याच सूत्रात घातली तर ५९ येतात. पण मग सगळ्यांच्याच वाढतील, त्यामुळे यावरून अन्यायाची ओरड करण्यात अर्थ नाही. वेगळ्या विदर्भाने मराठी खासदार वाढतील असं म्हणणाऱ्यांनी मात्र २००० सालाकडे बघावं: बिहारच्या २२ चे १६ आणि ६ झाले, उत्तर प्रदेशच्या ३४ चे ३१ आणि ३. १९६० सारखी वाढ त्यांना मिळाली नाही.

कोण कोण गेलं, याची पूर्ण यादी इथे देत नाही, ती राज्यसभेच्या संकेतस्थळावर आहे. यादी वाचताना दोन घोळ टाळा. पहिला: राष्ट्रपतिनियुक्त १२ जण राज्याच्या कोट्यात नसतात. पां. वा. काणे, मामा वरेरकर, लता मंगेशकर, सचिन तेंडुलकर हे सगळे नियुक्त, १९ मध्ये कधीच नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मात्र निवडून गेलेले: १९५२ ला लोकसभेत मुंबईतून हरले, त्याच वर्षी मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले आणि अखेरपर्यंत सदस्य होते. दुसरा घोळ: खासदार महाराष्ट्राचा म्हणजे महाराष्ट्रात राहणारा, असं २००३ पासून नाही. त्या वर्षी रहिवासाची अट काढली, २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. म्हणून चिदंबरम इथून गेले, इम्रान प्रतापगढी इथून गेले, आणि आपले सुरेश प्रभू हरियाणा आणि आंध्रमधून. मला ही दुरुस्ती पटत नाही. राज्यांची सभा म्हणायचं आणि राज्याशी नातं नको म्हणायचं, हे जुळत नाही.

आता २०२२.

१९ जागा एकदम भरत नाहीत. दर दोन वर्षांनी एक तुकडी निवृत्त होते. आपल्याकडे ७, ६, ६ अशी विभागणी आहे. बहुतेक वेळा पक्ष आपसात ठरवतात आणि निवडणूक बिनविरोध होते. २०२० च्या ७ आणि २०२४ च्या ६ जागा तशाच भरल्या. १० जून २०२२ ला ६ जागांना ७ उमेदवार उभे राहिले, आणि १९९८ नंतर पहिल्यांदा मतदान झालं.

२८८ पैकी २८५ आमदारांनी मतदान केलं. एका आमदाराचं निधन झालं होतं आणि तुरुंगातल्या दोघांना परवानगी मिळाली नाही. शिवसेनेचे सुहास कांदे यांच्या मतपत्रिका दाखवण्याच्या पद्धतीवर आक्षेप आला, मोजणी मध्यरात्रीपलीकडे अडकली आणि निवडणूक आयोगाने ते मत बाद ठरवलं. राहिली २८४.

एकाहून जास्त जागा असल्या की प्रत्येक मतपत्रिकेचं मूल्य १०० धरतात. कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारं मूल्य, काढताना एकूण मूल्याला जागा अधिक एकने भागायचं, त्यात १ मिळवायचा, अपूर्णांक सोडायचा. २८,४०० भागिले ७ म्हणजे ४,०५७, अधिक १, म्हणजे ४,०५८. व्यवहारात पहिल्या पसंतीची (पत्रिकेवर नावासमोर १ लिहिलेली) ४१ मतं.

पहिली पसंती अशी पडली: भाजपचे पियूष गोयल ४८, अनिल बोंडे ४८, धनंजय महाडिक २७. आघाडीकडून इम्रान प्रतापगढी ४४, प्रफुल्ल पटेल ४३, संजय राऊत ४१, संजय पवार ३३. पाच जण थेट आले. सहाव्या जागेसाठी पवार ३३ आणि महाडिक २७. इथेच लोकांचा समज होतो की पवार पुढे होते आणि त्यांच्याकडून जागा हिसकावली गेली. पुढे नव्हतेच, कारण निवडून आलेल्यांचं कोट्यावरचं शिल्लक मूल्य अजून वाटायचं होतं.

शिल्लक वाटताना सगळ्यात मोठी शिल्लक आधी घेतात. गोयल यांचे ४,८०० वजा ४,०५८, म्हणजे ७४२. त्या ४८ पत्रिका पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे जातात, पण आता प्रत्येकीचं मूल्य ७४२ भागिले ४८, म्हणजे १५. वरचे २२ सोडून देतात. ४८ गुणिले १५ म्हणजे ७२०. बोंडेंचेही तेवढेच. सगळी दुसरी पसंती महाडिकांना धरली तर २,७०० अधिक १,४४० म्हणजे ४,१४०. कोटा ४,०५८. झाला निकाल.

पवारांचं बघा. आघाडीच्या तिघांची शिल्लक ३४२, २४२ आणि ४२, एकूण ६२६. एक कणही न सांडता ती पवारांना दिली तरी ३,९२६. कोट्याला १३२ कमी.

आता ते गाजलेलं मत परत टाकू. २८५ मतांचा कोटा ४,०७२. आघाडीची मतं १६२, मूल्य १६,२००. चार उमेदवारांना लागणार १६,२८८. तरीही ८८ कमीच, मग ते मत राऊतांना असो की पवारांना. भाजपचे महाडिक? गोयल-बोंडेंची शिल्लक ७२८, भागिले ४८ पुन्हा १५, पुन्हा ७२०, पुन्हा ४,१४०. कोट्याच्या वर. एका बाद मताने जागा गेली, हे वाक्य इथे संपतं.

जागा गेली ती समोर गेलेल्या मतांनी. भाजपचे स्वतःचे आमदार १०६, मिळाली १२३. बाहेरून १७. यातलं एकच मत महाडिकांऐवजी पवारांना पडलं असतं, आणि कांदेंचंही राऊतांच्या खात्यात धरलं असतं, तर? महाडिक २,६०० अधिक १,४४० म्हणजे ४,०४०. पवारांना प्रतापगढींकडून ३०८, पटेलांकडून २१५, राऊतांकडून १२६. ३,४०० अधिक ६४९ म्हणजे ४,०४९. दोघेही कोट्याखाली, कमी मूल्याचा बाद, पवार विजयी. अंतर ९, म्हणजे एका मताचा दहावा हिस्साही नाही. बाद मत आणि फिरलेलं मत यांत फरक हा असा. बाद मत एका बाजूचं कमी होतं आणि कोटाही थोडा खाली आणतं. फिरलेलं मत एकाचं कमी करून दुसऱ्याचं वाढवतं.

वाटपात भाजपने जास्त चतुराई केली असंही नेहमी म्हटलं जातं. १२३ भागिले ३ म्हणजे ४१. तसं वाटलं असतं तर तिघे पहिल्याच फेरीत आले असते, दुसऱ्या पसंतीची गरजच नव्हती. ४८-४८ देण्यामागे कारण होतं: अपक्ष आणि लहान पक्षांच्या किती मतांची खात्री आहे हे आधी कळत नाही, म्हणून आपली खात्रीची मतं वरच्या दोघांकडे ठेवायची आणि दुसरी पसंती काटेकोर लिहून घ्यायची. आघाडीने पटेल आणि प्रतापगढींना ४३, ४४ दिली तीही याच भीतीने. तिथे दोन-तीन मतं अडकली खरी, पण एकूण १६१ मध्ये चार कोटे बसतच नव्हते, कशीही वाटली तरी.

मत बाद होण्याचे प्रकार ठरलेले आहेत. केंद्रावर दिलेल्याच जांभळ्या स्केचपेनाने आकडा लिहायचा, शब्द किंवा खूण नाही. पहिली पसंती एकालाच. पक्षाच्या आमदाराने पत्रिका फक्त आपल्या पक्षाच्या अधिकृत एजंटला दाखवायची, अपक्षाने कुणालाच नाही. २०१६ ला हरियाणात काँग्रेसची डझनभर मतं वेगळ्या पेनामुळे गेली. २०१७ ला गुजरातेत दोन मतं भलत्याला दाखवल्याने बाद झाली, १७४ उरली, आणि अहमद पटेल नेमक्या ४४ वर आले. तिथे बाद मतांनी व्यवहारातला कोटा ४५ वरून ४४ वर आला. मुंबईत तेवढाही फरक पडला नाही.

उलट मत देणाऱ्याची आमदारकी पक्षांतरबंदीखाली जात नाही, पक्ष फार तर काढून टाकतो. मग खुलं मतदान कशासाठी, असं मी विचारतो तेव्हा उत्तर मिळतं: घोडेबाजार थांबवायला. १७ मतं बघितलीत ना? अपक्षाची पत्रिका कुणी बघतच नाही, त्यामुळे त्या १७ मधला कोण कुठून आला हे शेवटपर्यंत सिद्ध होत नाही. नावं घेऊन आरोप झाले, पुरावा कुणाकडे नव्हता.

राहिलेल्या गोष्टी. वरच्या हिशेबात प्रत्येक गटाने दुसरी पसंती शिस्तीत दिली असं धरलंय. दोन-तीन पत्रिकांवर ती नसेल तर ९ चं ते अंतर उलटूही शकतं. ते मत बाद करणं योग्य होतं का, हा वेगळा वाद आहे, आणि त्यात मी आघाडीच्या विरोधात नाही. आणि हे सगळं एकाच वेळी अनेक जागा असताना. सगळे २८८ मतदान करतील तेव्हा ६ जागांना ४२ मतं लागतात, ७ जागांना ३७. पोटनिवडणुकीत जागा एकच, म्हणून मूल्य १०० नसून १, आणि कोटा १४५. तिथे ज्याचं विधानसभेत बहुमत त्याची जागा. २०१९ मध्ये गुजरातेत दोन जागा एकाच वेळी रिकाम्या झाल्या, पण दोन वेगळ्या पोटनिवडणुका घेतल्या आणि दोन्ही भाजपला गेल्या. एकत्र घेतल्या असत्या तर एक काँग्रेसला जाऊ शकली असती.