आजोबांच्या जुन्या रेकॉर्ड्ससाठी टर्नटेबल आणि कार्ट्रिज कोणतं घ्यावं?

परभणीच्या वाड्यात एलपींसोबत (म्हणजे व्हिनाइलच्या मोठ्या रेकॉर्ड्स) ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या, लाखेच्या तबकड्याही निघाल्यात म्हणता, मग सुटकेसवाला स्वस्त प्लेअर अजिबात घेऊ नका. त्याची सुई बहुधा ५-६ ग्रॅम भाराने एलपीची खाच घासते.

ऑडिओ-टेक्निकाचं एटी-एलपी१२०एक्सयूएसबी हे टर्नटेबल बघा. ७८चा वेग आहे, फोनो प्रीअँप (कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणारं सर्किट) आतच आहे आणि व्हीएम९५ई हे मूव्हिंग मॅग्नेट प्रकारचं कार्ट्रिज (सुई धरणारा, तिच्या कंपनांचा विद्युत सिग्नल करणारा भाग) लागूनच येतं. सुईचा भार २ ग्रॅम ठेवा. सुई झिजली की बोटांनी ओढून नवी बसवता येते.

पण त्याच सुईने ७८ वाजवू नका! त्यांची खाच रुंद, ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते. व्हीएम९५एसपी या ७८साठीच्या कार्ट्रिजची सुई त्याच व्हीएम९५ईच्या बॉडीवर बसते, फक्त भार ५ ग्रॅम करायचा.

आणि आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ तुम्हाला माहीतच आहे. दर वेळी आधी कार्बन फायबरचा ब्रश फिरवा, मगच सुई टेकवा.