घंटा नाही, पाळक नाही, मग ते चर्च कसलं?

"मॅडम, माही पोरगी चर्च सोडून कोण्या फ्लॅटात जाते जी. तिले कोणी फसवलं तं नसंल?"

दर्यापूरकडच्या एका खेड्यातली ही आई. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वेचणीचा दिवस मोडून ती एसटीनं आली होती. तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घर. मुलगी नागपुरात नर्स. रविवारी संध्याकाळी दहा-बारा जण एका भाड्याच्या घरात जमतात, गीतं गातात, शास्त्र म्हणजे बायबल वाचतात, एकत्र जेवतात. "उद्या हिचं लगन कोण लावंल? अन् मी मेल्यावर मले माती द्याले कोण येईन?"

शेवटचा प्रश्न मी वहीत लिहून ठेवला.

मुलं शहरात गेली की अशी काळजी घेऊन पुष्कळ आईबाप माझ्याकडे सल्ल्याला येतात. कुणाचा मुलगा सत्संगाला लागलेला असतो, कुणाची मुलगी ध्यानाला. मी लगेच धीर देत नाही. आधी विचारते: पैसे कोण ठेवतं, हिशेब सगळ्यांना दिसतो का? एखादा रविवार चुकला तर धाक घालतात का? घरच्यांशी बोलू नको म्हणतात का? पुढाकार घेणाऱ्याला उलट प्रश्न विचारता येतो का? यातलं एक जरी उत्तर वाईट आलं असतं, तर मीच तिला नागपूरची गाडी धरायला लावली असती. पण तिला एकही उत्तर ठाऊक नव्हतं. मुलीला तिनं विचारलंच नव्हतं, फोनवर नुसती रडली होती.

पंधरा दिवसांनी उत्तरं घेऊन आली. दानपेटी नाही, खिचडीचा खर्च वाटून घेतात. येण्याजाण्याची सक्ती नाही. आणि मुलगी म्हणाली होती, "आई, मोठ्या चर्चमध्ये आठ महिने मागच्या बाकावर बसली, कोणी नाव नाही विचारलं. इथं पहिल्याच दिवशी विचारलं, ड्युटीवरून आलीस, जेवलीस का?"

हे सांगताना आईचा आवाज उतरला. तिला फसवणुकीची भीती होतीच. त्याहून जास्त लागलं होतं ते मुलीचं आठ महिन्यांचं एकटेपण, जे तिला कळलंच नव्हतं. आम्ही त्यावरच बराच वेळ बोललो.

मी ख्रिस्ती नाही, पण मिशनच्या शाळेत शिकले. पौल या आद्य ख्रिस्ती प्रचारकानं फिलेमोन नावाच्या माणसाला लिहिलेलं पत्र बायबलमध्ये आहे; त्यात फिलेमोनाच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम आहे, याची तिला आठवण दिली. मराठी शास्त्रात चर्चला 'मंडळी' म्हणतात, म्हणजे माणसांनाच, इमारतीला नव्हे. १९१७ साली मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, त्यात बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा विधी) न घेतलेल्यांनाही जागा होती. "टिळकांनी?" तिनं दोनदा विचारलं.

लग्न-मातीचा प्रश्न मात्र खरा होता. नव्या जमावाकडे त्याचं उत्तर तयार नसतं. मुलीनं गावच्या मंडळीतलं सभासदत्व ठेवावं, असं गावच्या पाळकांशी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंशी, बोलून ठरलं.

डिसेंबरात आई स्वतः नागपूरला जाऊन आली. "खुर्च्या नव्हत्या, मले पलंगावर बसवलं. मातीचं विचारलंच मी त्यायले. कोणी काही बोललं नाही आधी. मंग एक पोरगा म्हणे, मावशी, आम्ही येऊ. येतीन का नाही देव जाणे, पण सगळ्यायनं माहा नंबर लिहून घेतला जी."