जपानमधल्या ताकायामा शहरातली जुन्या व्यापाऱ्यांची घरं बाहेरून इतकी साधी का?

हा साधेपणा हौसेचा नव्हे, सक्तीचा. १६९२ पासून ताकायामावर थेट शोगुनची, म्हणजे जपानच्या लष्करी राज्यकर्त्याची, सत्ता होती आणि व्यापाऱ्याने श्रीमंती मिरवायची नाही असा दंडक होता. दर्शनी वळचण ठेंगणी हवी, हिनोकीसारखं उंची लाकूड वर्ज्य. म्हणून रस्त्याकडे नुसती काळपट लाकडी जाळी. पैसा सगळा आत. साके ही तांदळाची दारू बनवणाऱ्या योशिजिमा घराण्याच्या वाड्यात शिरलात की मान वर करा. तुळया-खांबांची उघडी चौकट थेट छपरापर्यंत चढते आणि उंचावरच्या खिडकीतला उजेड तिच्यावरून खाली झिरपतो. फक्त हा वाडा १९०७ चा, शेजारचा कुसाकाबे घराण्याचा १८७९ चा, म्हणजे दोन्ही शोगुनशाही संपल्यानंतरचे. आतली ही ऐट त्याआधीची समजू नका.