कॅथलिक प्राथमिक शाळेतील ‘विशेष उपक्रम’ आणि ‘समाजाशी भागीदारी’: माहितीपत्रकातले प्रत्यक्षात किती घडते?

आपण विचारले आहे की, बदलीमुळे आपले कुटुंब गडहिंग्लजहून बेळगावला येत आहे, मुलगी तिसरीत जाणार आहे, आणि ज्या कॅथलिक शाळेचे माहितीपत्रक आपल्या हाती आले आहे त्यात ‘एन्रिचमेंट प्रोग्राम’ आणि ‘कम्युनिटी पार्टनरशिप’ या मथळ्यांखाली दोन पाने मजकूर छापला आहे. त्यातले प्रत्यक्षात किती घडते, त्यासाठी वेगळे पैसे भरावेत का, मुलीला चर्चमध्ये नेतील का, आणि तिच्या मराठीचे काय होईल. मी बेळगाव तालुक्यातील एका कॅथलिक प्राथमिक शाळेत चोवीस वर्षे मराठी आणि परिसर अभ्यास शिकवून निवृत्त झाले. मी स्वतः ख्रिस्ती नाही. शाळेचे नाव देत नाही, कारण पुढे तिच्या काही उणिवाही सांगाव्या लागणार आहेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. बाहेरून सगळ्या ‘कॉन्व्हेंट’ सारख्याच दिसतात, पण त्यांची मालकी आणि कारभार सारखा नसतो. काही शाळा धर्मप्रांताच्या, म्हणजे थेट बिशपांच्या अखत्यारीतल्या असतात, तर काही वेगवेगळ्या संघांच्या, म्हणजे व्रतस्थांच्या धार्मिक संस्थांच्या, सिस्टर किंवा फादर चालवतात. बेळगावचा धर्मप्रांत १९५३ साली स्थापन झाला. येशूसंघीयांची, म्हणजे जेझुइट फादरांची, सेंट पॉल्स शाळा मात्र १८५६ पासूनची, म्हणजे धर्मप्रांताहून जवळपास शंभर वर्षांनी थोरली आहे. पालकांच्या दृष्टीने या तपशिलाचे महत्त्व एवढेच की, बहुतेक ठिकाणी मुख्याध्यापिका सिस्टर किंवा फादर हे बदलीवर येतात आणि बदलीवर जातात, आणि त्यांची बदली शिक्षण खाते नव्हे, तर त्यांचा संघ किंवा धर्मप्रांत करतो. माझ्या नोकरीत मी पाच मुख्याध्यापिका पाहिल्या. एकीला संगीताचे वेड होते, एकीला बागेचे, तर एकीला इंग्रजी नाटकांचे. प्रत्येकीने मनापासून काहीतरी सुरू केले आणि तिच्यामागे त्यातले बरेचसे बंद पडले. माहितीपत्रकात मात्र सगळे तसेच राहिले, कारण छापलेली ओळ खोडण्याची तसदी कोणी घेत नाही. म्हणून आपण शाळेत गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारावा, असे मला वाटते: यातले कोणते उपक्रम आधीच्या सिस्टरांच्या काळापासून चालू आहेत? जे बदलीतून तगले, ते खरे.

आमच्याकडे तगलेली पहिली गोष्ट दिसायला अगदीच साधी होती. बेळगावात वाचनालयांची परंपरा जुनी आहे. येथील सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे आहे. गावातल्या एका लहान वाचनालयाने आमच्या शाळेला दर महिन्याला चाळीस मराठी पुस्तकांची एक पेटी द्यायची आणि आम्ही ती महिनाअखेर मोजून परत करायची, एवढाच तो करार होता, आणि तोही तोंडी. शुक्रवारचे शेवटचे दोन तास वेळापत्रकातच वाचनाला दिले होते. पुस्तकांची नोंदवही सिस्टरांकडे नव्हती, ती माझ्याकडे आणि आमच्या क्लार्ककडे होती, आणि आमच्या दोघांचीही बदली होणार नव्हती. तीन मुख्याध्यापिका गेल्या, पेटी येत राहिली. बदल्यात आमची सातवीची मुले उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी वाचनालयात जाऊन फाटक्या पुस्तकांना कागदी कव्हरे घालून देत असत. ‘भागीदारी’ या शब्दाचा मला समजलेला अर्थ एवढाच आहे: दोन्ही बाजूंनी काहीतरी द्यायचे असते आणि ते कोणत्या वारी द्यायचे हे ठरलेले असते.

याच्या उलट अनुभव रोबोटिक्सचा. एका खासगी कंपनीचे प्रतिनिधी आले, त्यांनी पालक सभेत चालत्या गाडीचे प्रात्यक्षिक दाखवले, दर मुलामागे वेगळे शुल्क ठरले आणि पहिल्या सत्रात शिकवायला एक हुशार तरुणही येत असे. दुसऱ्या सत्रात तो नोकरी सोडून गेला, त्याच्या जागी कोणी आले नाही, आणि आमच्यापैकी एकाही शिक्षिकेला ते संच वापरायचे प्रशिक्षण मिळालेले नव्हते. खोकी कपाटात राहिली आणि पालकांनी पैशांबद्दल विचारले तेव्हा शाळेकडे समाधानकारक उत्तर नव्हते. विषय वाईट होता असे मी म्हणत नाही. पण जो उपक्रम सर्वस्वी बाहेरचा माणूस चालवतो आणि जो शाळेतल्या एकाही शिक्षिकेला येत नाही, त्याचे पैसे वर्षभराचे एकदम भरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता ज्याची मला आजही आठवण येते त्या खानापूरच्या सहलीविषयी थोडे सविस्तर लिहिते. खानापूरची माती कौलांसाठी आणि मडक्यांसाठी पूर्वीपासून नावाजलेली आहे, आणि म्हणूनच खादी ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय कुंभारकाम संस्था तेथे आहे. आम्ही चौथीच्या मुलांना त्या परिसरातल्या एका कुंभार कुटुंबाकडे नेत असू. पहिल्या वर्षी ती नुसती सहल होती: मुलांनी चाक फिरताना पाहिले, टाळ्या वाजवल्या, डबे खाल्ले आणि परत आली. दुसऱ्या वर्षी कुंभारमामांनीच मला सुनावले की, बाई, पोरांना एकदाच आणून काय उपयोग, मडके एका दिवसात होत नाही. मग आम्ही वर्षातून तीनदा जायचे ठरवले. पहिल्या खेपेला मुलांनी माती चाळली, भिजवली आणि तुडवली. दुसऱ्या खेपेला हाताने पणत्या आणि लहान बोळकी घडवली. तिसऱ्या खेपेला भट्टी उघडताना पाहिली. पहिल्या तुकडीची निम्मी बोळकी वाळतानाच तडकली होती. ती का तडकली, यावर परिसर अभ्यासाचे माझे तीन तास सहज गेले: मातीतले पाणी निघून जाते तशी ती आकसते, कड लवकर सुकते आणि तळ ओला राहतो, म्हणून ओढाताण होऊन भेग पडते, आणि याच कारणासाठी कुंभार ओले मडके उन्हात न ठेवता सावलीत ठेवतो. पुस्तकातला बाष्पीभवनाचा धडा मी कितीदा तरी शिकवला होता, पण मुलांनी प्रश्न विचारून मला भंडावून सोडले ते त्या तडकलेल्या बोळक्यांमुळे. कुंभारमामांना आम्ही मानधन देत असू, आणि दिवाळीत शाळेतल्या बहुतेक घरांतल्या पणत्या त्यांच्याकडच्याच असत.

कॅथलिक शाळांच्या पत्रकांत ‘सेवा’ हा शब्द हमखास असतो आणि तो केवळ शोभेचा नसतो, कारण गरजूंची सेवा हा त्यांच्या शिक्षणविचाराचा गाभाच आहे. चर्चच्या पातळीवर सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीसारख्या मंडळ्या काम करतात. ही सोसायटी १८३३ साली पॅरिसमध्ये विद्यार्थ्यांनीच सुरू केली होती. आमच्या शाळेचे वृद्धाश्रमाशी असलेले नातेही अशाच पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, मंडळींमुळे जुळले. सुरुवातीची काही वर्षे ते नाते मला लाजिरवाणे वाटत असे. डिसेंबरात शंभरेक मुले बसमधून न्यायची, नाताळची गाणी म्हणायची, केळी आणि बिस्किटे वाटायची, फोटो काढायचे आणि तासाभरात परत यायचे. एका वर्षी एका आजींनी माझा हात धरून विचारले, “परत कवा येणार गं?” आणि मला खरे उत्तर देता आले नाही. त्यानंतर स्टाफ मीटिंगमध्ये बराच वाद होऊन असे ठरले की शंभर मुलांनी एकदा जाण्याऐवजी सहावी-सातवीच्या आठ-आठ मुलांनी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जावे, गाणी म्हणू नयेत, नुसते बसून बोलावे आणि आल्यावर एकेक पान लिहावे. ती पाने मी तपासत असे. कोणी मराठीत लिही, कोणी कोकणीत, कोणी इंग्रजीत, आणि जात्यावरच्या ओव्या, जुन्या बाजाराचे भाव, चाळीस वर्षांपूर्वीचे पूर असे कितीतरी त्यांत येई. तिसरीतल्या मुलांना मात्र अशा ठिकाणी नेऊ नये, त्या वयाला ते झेपत नाही.

आरोग्य तपासणीबद्दल फार लिहीत नाही. शहरात वैद्यकीय आणि दंतवैद्यक महाविद्यालये असल्यामुळे दात, डोळे आणि वजन-उंची यांची तपासणी बहुतेक शाळांत होते. तपासणीनंतर पालकांच्या हाती कार्ड येते का आणि ज्या मुलाला चष्मा सांगितला त्याला तो मिळाला की नाही हे शाळा पाहते का, एवढे विचारा. शिक्षण खात्याची ‘प्रतिभा कारंजी’ ही मुलांच्या कलागुणांची स्पर्धाही पत्रकात उपक्रम म्हणून छापलेली असेल; ती क्लस्टर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटापासून तालुका, जिल्हा अशी वर जाते आणि खासगी शाळांनाही असते. चांगली आहे, पण तेथे बहुधा तीच ठरलेली दहा मुले पाठवली जातात आणि उरलेल्यांनी टाळ्या वाजवायच्या असतात, हेही सांगून ठेवते.

धर्माविषयीची आपली शंका स्वाभाविक आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३० नुसार अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे. त्याचबरोबर अनुच्छेद २८ च्या तिसऱ्या खंडानुसार सरकारमान्य शाळेत कोणत्याही मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. आमच्याकडे कॅथलिक मुलांचा धर्मशिक्षणाचा तास आणि इतरांचा मूल्यशिक्षणाचा तास एकाच वेळी वेगवेगळ्या वर्गांत होई. सकाळच्या प्रार्थनेत आणि नाताळच्या कार्यक्रमात सगळेच असत, आणि त्यावरून कोणा पालकाची तक्रार आल्याचे मला आठवत नाही. आमच्या भागातली मुले दिवाळीत अंगणात किल्ला बांधतात. त्याच हातांनी ती डिसेंबरात शाळेच्या ओसरीवर येशूजन्माचा गोठा बांधत, तसेच दगड रचत आणि तशीच मोहरी पेरून हिरवळ उगवत. एका वर्षी पोरांनी मेंढपाळांच्या शेजारी भाला घेतलेला एक मावळाही उभा केला. सिस्टरांनी तो पाहिला, हसल्या आणि म्हणाल्या, “राहू दे, बाळाला पहारा लागतोच.” तो मावळा पुढे दरवर्षी गोठ्यात येत राहिला.

मराठीचा प्रश्न अधिक अवघड आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची असेल तर २०१५ च्या कन्नड भाषा अध्ययन कायद्यानुसार कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवणे बंधनकारक आहे, त्यामुळे प्राथमिक वर्गांत मराठी वेळापत्रकाच्या कडेला ढकलली जाते किंवा अजिबात नसते. सीमाभागात या विषयावर घराघरांत तीव्र भावना आहेत आणि माझ्याही आहेत. तरीही तिसरीतल्या मुलीने कन्नड चांगले शिकावे असेच मी आपल्याला सांगेन, कारण तिच्या आजूबाजूला ती भाषा असणार आहे आणि महाराष्ट्रातून येताना तिची दोन वर्षे मागे पडलेली आहेत. शाळेने नव्याने आलेल्या मुलांसाठी कन्नडचे ज्यादा तास ठेवले आहेत का, हा आपल्या दृष्टीने कोणत्याही रोबोटिक्सपेक्षा महत्त्वाचा ‘विशेष उपक्रम’ आहे. आमच्या कन्नडच्या बाई अशा मुलांना कन्नड चिठ्ठी आणि पन्नास रुपये देऊन आठवडी बाजारात भाजी आणायला पाठवत, सोबत एक आया असे. हिशेब चुकला तरी भाषा येई. मराठी मात्र आपल्याला घरात आणि वाचनालयात सांभाळावी लागेल. शाळेत मराठी पुस्तकांचे कपाट आहे का, आणि त्याला कुलूप असते की ते उघडे असते, हे डोळ्यांनी पाहून घ्या.

पैशांबाबत एवढेच सांगते की, शालेय वेळापत्रकाच्या आत होणाऱ्या गोष्टींसाठी वेगळे शुल्क मागितले तर ते कशाचे हे लेखी मागावे, प्रत्येक रकमेची पावती घ्यावी, आणि सहलीचे किंवा शाळेनंतरच्या वर्गाचे पैसे शक्यतो सत्रागणिक भरावेत. शाळा पाहायला शनिवारी सकाळी जा. त्या दिवशी शाळा अर्धा दिवस असते आणि बहुतेक उपक्रम शनिवारीच ठेवलेले असतात. मुख्याध्यापिकांना भेटून झाले की परवानगी घेऊन तिसरीच्या वर्गात डोकावून चालू वर्षाचे वेळापत्रक वाचा, ते दारामागे चिकटवलेले असते. माहितीपत्रकातल्या ज्या उपक्रमाला तेथे वार आणि तास आहे, तो आपल्या मुलीच्या वाट्याला येईल.